जास्वंदीचं गोत

"मॅडम, झाडं एकमेकांच्या चुगल्या करतात का?"

प्रश्न माझा नव्हता, फक्त तोंड माझं होतं. शाळेच्या सभागृहात नववी-दहावीचे सगळे वर्ग दाटीवाटीनं बसले होते आणि स्टेजवर डॉ. वृंदा खैरमोडे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई बागेतल्या किडींवर बोलत होत्या. माझ्या डावीकडे नुपूर, उजवीकडे आफ्रीन. हा प्रश्न मी माइकवर विचारला तर दोघी मिळून आठवडाभर मला दाबेली चारणार, अशी पैज लागली होती. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्या आतला कुठलातरी नळ जो सुटलाय, तो काही केल्या बंदच होत नाही. उठले आणि विचारलं.

सभागृहात हशा फुटला. मागून कुणीतरी "बसा आता काकू" म्हणालं. मुख्याध्यापकांनी रागानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला की त्यांना कुणीच ओळखू येत नाही, म्हणून वाचले.

"नाव काय तुझं?" डॉ. खैरमोडेंनी विचारलं.

"शाल्मली डुबल. दहावी ब."

"शाल्मली, मी गेली अकरा वर्षं नेमकं हेच मोजतेय. करतात."

हशा बंद. नुपूरनं हळूच कपाळावर हात मारून घेतला.

मग मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत सांगायला मला अजून दहाएक वर्षं शिकावं लागेल. झाडाला कुणी चावलं की झाड वास सोडतं. कापलेल्या गवताचा येतो ना, तो त्यातलाच एक. पण वास एकच नसतो. अळीनं पान कुरतडलं तर एक वास, माव्यानं रस शोषला तर दुसरा, भुरीची बुरशी चढली तर तिसरा. हा वास हवेत पसरला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे त्या किडीला खाणारे किडे वासाच्या मागावर येतात. माव्याला खायला लेडीबर्ड येते, अळीत अंडी घालायला टाचणीच्या डोक्याएवढी गांधीलमाशी येते. आणि दुसरं, शेजारच्या झाडांना तो वास लागतो आणि ती कीड यायच्या आधीच आपली पानं कडू करून ठेवतात. म्हणजे अगदी आमच्या कॉलनीसारखं. पवारांकडे पाहुणे उतरले की चार घरं आधीच दाराला कुलूप लावून बाहेर पडतात.

अडचण एवढीच, की झाडांची ही हाक फार बारीक असते. जरा वारा फिरला की विरते. म्हणून मॅडमनी एक यंत्र बनवलं होतं. काडेपेटीएवढं, फांदीला अडकवायचं. ते वास ओळखतं, कीड कुठली ते मोबाइलवर कळवतं, आणि तोच वास थोडा मोठा करून आजूबाजूच्या यंत्रांकडून सोडतं. फवारणी नाही, काही नाही. तीन वर्षांपूर्वी शहरात घरगुती औषधफवारणीवर बंदी आली तेव्हापासून लोक नुसते साबणपाणी आणि निंबोळी तेल घेऊन झाडांमागे फिरत होते, त्यामुळे ही गोष्ट मोठीच होती. यंत्राचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. आम्ही त्याला 'नाक' म्हणायला लागलो.

मॅडमना चाचणीसाठी कराडातली एक कॉलनी हवी होती आणि कॉलनीत एक स्वयंसेवक. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. अशा रीतीनं मी सह्यगंध कॉलनीची, छत्तीस घरांची, नाकाधिकारी झाले. दाबेल्या मात्र दोनच मिळाल्या.

*

पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की घरात कीड असणं हे लोकांना डोक्यात उवा असल्यासारखं वाटतं. सगळ्यांना असतात, पण नाव काढायचं नाही. देशमाने काकूंकडे त्यांच्या सायलीताईला बघायला सांगलीचे पाहुणे आले होते. उपिटाच्या बशा हातात गेल्या आणि नाकाला जोडलेला भिंतीवरचा स्पीकर गोड आवाजात म्हणाला, "आपल्या कढीपत्त्यावर अळ्या आहेत. घाबरू नका." पाहुण्यांनी चमचे खाली ठेवले. सायलीताईनं दुसऱ्या दिवशी मला गाठून माझा हात दाबला आणि "त्या माणसापासून वाचवलंस गं" म्हणाली, ते वेगळं.

नाकाचं मनापासून कौतुक केलं ते एकट्या थोरात काकूंनी. त्या आमच्या शेजारी, मधे फक्त छातीएवढी कंपाउंडची भिंत. त्यांचे मिस्टर, थोरात सर, पीटीचे शिक्षक होते. चार वर्षांपूर्वी गेले. सरांना दोनच नाद, गळ्यातली शिट्टी आणि जास्वंद. वेगवेगळ्या जास्वंदींचे पराग कापसाच्या बोळ्यानं एकमेकींना लावून, बी धरून, रोपं वाढवून, नावडती फेकून देत त्यांनी अकरा वर्षांत एक फूल बनवलं होतं. दुहेरी पाकळ्यांचं, पिकलेल्या पपईच्या गराच्या रंगाचं, मधे गर्द जांभळा डोळा. ते झाड काकूंच्या दारात उभं होतं. काकू रोज सकाळी त्याला दोन तांबे पाणी घालायच्या आणि रात्रीच्या मालिकेत काय झालं ते सांगायच्या.

"नाक लावलंस ते बरं झालं," काकू म्हणाल्या. "मला चष्म्यातूनही कीड दिसत नाही गं हल्ली. ह्यांचं एवढं एकच राहिलंय माझ्याकडे. तुझ्या भरवशावर हं पोरी."

मी छाती फुगवून "हो काकू" म्हणाले. असा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. आई तर मला दुधावरसुद्धा लक्ष ठेवायला सांगत नाही.

*

तीन आठवड्यांनी नाकांनी एक उद्योग केला, जो कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

फांदी तोडून लावलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचं पोर नसतं. ते तेच झाड असतं, दुसऱ्या कुंडीत. त्यामुळे दोघांचे वाससुद्धा तंतोतंत सारखे. आपल्या गावच्या माणसाचा हेल कुठेही ओळखू यावा, तसं. आणि झाडं आपल्या हेलातली हाक जास्त लवकर ऐकतात, परक्याची ऐकून न ऐकल्यासारखी करतात. म्हणून नाकांनी काय केलं, कुठलं झाड कुणाचं गोत आहे ते शोधून नकाशाच काढला. जुन्या झाडाकडून नव्या झाडाकडे रेघ. हाक आधी त्या रेघेवरून जायची.

नकाशा सगळ्यांत आधी माझ्या टॅबवर आला. आमच्या गच्चीवर नुपूर, आफ्रीन आणि मी त्याच्यावर वाकलो. छत्तीस घरांमधून एकशे चार रेघा.

"हे काय गं, कोळ्याचं जाळं?" नुपूर म्हणाली.

"थांब." आफ्रीननं एक रेघ बोटानं पकडली. "पवार आजींचा मोगरा देशमान्यांकडे. देशमान्यांचा गुलाब पवार आजींकडे. पण त्या दोघी तर बोलत नाहीत एकमेकींशी!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत आहे की मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेली हमखास लागते. सकाळी फिरायला निघायचं, कुंपणाबाहेर आलेली फांदी बघायची, इकडे तिकडे बघायचं, कट्. सगळे करतात. कुणी बोलत नाही. आणि आता नाकांनी शंभर चोऱ्या रेघा मारून दाखवल्या होत्या.

हसून हसून आम्ही गच्चीवर लोळलो. मग आफ्रीननं टॅब माझ्याकडे वळवला.

"शालू, ही एक बघ."

थोरात काकूंच्या दारातून एक रेघ निघाली होती, भिंत ओलांडून सरळ आमच्या गच्चीत आली होती आणि मी टेकून बसले होते त्या कुंडीत संपली होती. बाबांच्या जास्वंदीच्या.

बाबांची जास्वंद, म्हणजे 'डुबल सुंदरी'. ती बाबांनी बंगळूरहून आणली, मांडीवर कुंडी घेऊन, रात्रभर बसनं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. कधी कधी त्या गोष्टीत बसच्या जागी रेल्वे असायची. रंग पपईच्या गराचा, जांभळा डोळा. थोरात काकू गच्चीवर कधी चढत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम आलं : मी सहा वर्षांची, बाबांच्या खांद्यावर, भिंतीपलीकडे वाकलेली, हातात आईची छोटी कात्री. "ती बघ, डोळेवाली. हळू. शाब्बास!" मला तो खेळ वाटला होता.

"म्हणजे तू बालगुन्हेगार," नुपूर म्हणाली.

मला हसू आलं नाही.

*

बाबा पाटबंधारे खात्यात आहेत. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे यावर ते साहेबांशी भांडू शकतात, पण नकाशा बघून त्यांनी टॅब उलटा करून ठेवला.

"हे यंत्र चुकतं," शेवटी म्हणाले.

"प्रताप," आई म्हणाली. चारचौघांत ती बाबांना अहो म्हणते, घरात प्रताप, आणि चिडली की सावकाश प्र-ता-प. ती गणित शिकवते. "बंगळूरला तू कधी गेला होतास?"

"ऑफिसच्या कामानं."

"लग्नाला अठरा वर्षं झाली. तू मिरजेच्या पुढे गेलेला नाहीस."

बाबा माझ्याकडे वळले. "शालू, बाळा, पुढच्या महिन्यात नगरपालिकेचं पुष्पप्रदर्शन आहे. मी डुबल सुंदरी म्हणून नाव दिलंय, छापून आलंय. आणि शेजारी म्हणून थोरात वहिनींना तोंड कसं दाखवू? सरांनी मला पोहायला शिकवलंय गं. तू अधिकारी ना? ही एक रेघ पूस."

पुसता येत होती, हीच तर पंचाईत. नाकं कधीमधी चुकायची, म्हणून मॅडमनी नियम केला होता की यंत्रापेक्षा माणसाचा शब्द वरचा. रेघेवर बोट ठेवायचं, 'ही रेघ चुकीची आहे' म्हणायचं, संपलं. यंत्र पुन्हा विचारत नाही.

आई म्हणाली, "तिला यात ओढू नकोस." पण बाबांचा चेहरा असा झाला होता की बघवेना. एरवी माझ्यावर ओरडणारा माणूस माझ्याकडे मागत होता. मी बोट ठेवलं. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुकानातून आइस्क्रीम आणलं. आईनं खाल्लं नाही.

रविवारी नकाशा कॉलनीच्या ग्रुपवर पडला आणि पंधरा मिनिटांत मंदिरासमोर सभा भरली. देशमाने काकू आणि पवार आजी तीन वर्षांनी एकमेकींशी बोलल्या. म्हणजे ओरडल्या, पण बोलल्या. गवती चहापासून ब्रह्मकमळापर्यंत सगळ्यांची सगळी लफडी निघाली. शेवटी पवार आजी उठल्या आणि म्हणाल्या, "मागून आणलेली लागत नाही, हे माझ्या सासूनं मला सांगितलंय. आता तिला जाऊन विचारायचं असेल तर मी काय आज जात नाही." सगळे हसले आणि वातावरण निवळलं. घराघरांत चोर निघाल्यावर चोर तरी कुणाला म्हणणार?

फक्त एका घराच्या नावावर एकही रेघ नव्हती. आमच्या.

"डुबलसाहेबांचा आदर्श घ्या," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. बाबांना पुढे बोलावलं. बाबांनी प्रामाणिकपणावर साडेतीन मिनिटं भाषण केलं, घाम पुसत. पहिल्या रांगेत थोरात काकू बसल्या होत्या आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच वाजवत होत्या.

*

त्यानंतर बाराव्या दिवशी आमच्या डुबल सुंदरीवर पिठ्या ढेकूण आला. कापसाचे तुकडे चिकटल्यासारखी पांढरी कीड असते ती, आणि मुंग्या तिला तोंडात धरून नेऊन गाईगुरांसारखी फांदीफांदीवर चरायला सोडतात. नाकानं लगेच ओळखलं. दोन दिवसांत लेडीबर्ड हजर. आमच्या झाडानं चार कळ्या गाळल्या आणि सावरलं.

मग मुंग्या भिंत ओलांडून थोरात काकूंकडे गेल्या.

मी गेले तेव्हा काकू स्टुलावर बसून साबणपाण्यात बुडवलेल्या कापसानं एकेक पान पुसत होत्या. जमिनीवर गळालेल्या कळ्यांचा सडा. शेंड्याच्या फांद्या काळ्या पडलेल्या, आणि काळेपणा खोडाकडे उतरत चाललेला.

"ये गं. तुझ्या नाकाला सर्दी झाली का?" त्या हसून म्हणाल्या. मला ते हसणं सोसवेना.

डॉ. खैरमोडे मॅडम साताऱ्याहून आल्या. त्यांनी खोडाची साल नखानं जरा खरवडून बघितली, मग टॅबवर नकाशा उघडला.

"विचित्र आहे. इशारा आसपासच्या सगळ्या नाकांनी दिलाय, पण या झाडानं तो घेतलाच नाही. नकाशात याला कुणी नातेवाईकच नाही. याच्याच फांदीचं एखादं झाड जवळपास असतं, तर त्याच्या हेलातली हाक याला आठवडाभर आधी पोचली असती." त्यांनी चष्मा सारखा केला. "अजूनही वेळ गेलेली नाही. खोड आत हिरवं आहे. याच वाणाचं, कीड पचवलेलं एखादं झाड मिळालं तर त्याची हाक सुरू करता येईल. शिवाय नवीन कलमही बांधून ठेवता येईल. काकू, सरांनी कुणाला फांदी दिली होती का?"

"नाही हो." काकू कापूस पिळत होत्या. "ह्यांची फार इच्छा होती. म्हणायचे, कुसुम, कुणी मागायला आलं तर दोन फांद्या दे, कंजुषी करू नकोस. रोज संध्याकाळी मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसायचे. पण कुणी मागितलीच नाही."

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीच्या वर, आमच्या गच्चीच्या कठड्यातून, एक पपईच्या रंगाचं फूल खाली डोकावत होतं. काकूंच्या चष्म्यातून तेवढं लांबचं दिसत नाही. बरं झालं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की "होमवर्क आहे" म्हणून मी पळत सुटले.

"सांगून टाक," आफ्रीन फोनवर म्हणाली.

"बाबांचं काय होईल? अख्ख्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्यात."

"आणि काकूंच्या झाडाचं काय होईल?"

त्याच कॉलवर असलेली नुपूर मधेच म्हणाली, "ए, मी तुला उरलेल्या पाचही दाबेल्या देते, पण तू रडू नकोस. तू रडलीस की मला काही सुचत नाही."

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी गच्चीवर गेले. बाबा ओल्या फडक्यानं डुबल सुंदरीचं एकेक पान पुसत होते. कुंडीला गेरू लावून झाला होता. शेजारी पुठ्ठ्याची पाटी, बाबांच्या सुंदर अक्षरात. आई कठड्याला टेकून चहा पीत होती.

"ये शालू. उद्या तूसुद्धा चल स्टॉलवर," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गेले चार दिवस ते काकूंच्या दारावरून ऑफिसला जात नव्हते, मागच्या गल्लीनं वळसा घालून जात होते. ते मी बघितलं होतं.

"बाबा, मी रेघ परत मारली."

फडकं थांबलं.

"मॅडमना सकाळी सहालाच फोन केला. ती मी खोटी पुसली होती, ते सांगितलं. मग म्हणाल्या, अधिकारीपद गेलं तुझं, पण हाक लगेच सुरू करते. सव्वासातला सुरू झाली. काकूंचं झाड आता आपल्या झाडाचं ऐकतंय."

"नकाशा सगळ्यांना दिसतो तो," बाबा खुर्चीवर बसत म्हणाले. "आता माझं नाव..."

"नाव गेलंच आहे प्रताप," आई म्हणाली. "फक्त कॉलनीला कळायचं राहिलं होतं." मग जरा मऊ आवाजात, "चहा घे."

बाबांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. कपात बघत म्हणाले, "सर रोज दारात खुर्ची टाकून बसायचे. मी रोज बघायचो. दोन पावलांवर होते गं. मागायला जीभच उचलली नाही. वाटायचं, नाही म्हणाले तर?"

मला वाटलं होतं बाबा ओरडतील. त्यासाठी मी उत्तरं पाठ करून आले होते, वक्तृत्वाला करते तशी, मुद्दे काढून. ती सगळी वाया गेली. म्हणून मी नुसती उभी राहिले आणि जे ठरवलं होतं ते सांगून टाकलं.

"आई, बाबा, ऐका. मी आत्ता थोरात काकूंकडे जाणार आहे. पुढच्या दारानं, बेल वाजवून. कात्री मी चालवली होती, ते मी सांगणार. बाकीचं त्या विचारतील, तेसुद्धा खरं सांगणार. मग मी त्यांच्याकडे जास्वंदीची फांदी मागणार आहे. हो, हीच, नऊ वर्षांपूर्वीची. त्या घे म्हणाल्या तर आपली. नाही म्हणाल्या तर कुंडी त्यांच्या दारात राहील, आणि उद्या प्रदर्शनात काय जाईल, कुठल्या नावानं जाईल, ते काकू ठरवतील. माझं ठरलंय, त्यात आता बदल नाही. कुंडी जड आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी एक बाजू धरा."